ऑपरेशननंतर कोणता स्कॅन, आणि केव्हा?



मागील वर्षी मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरच्या मावशींसाठी आपल्यापैकी अनेकांनी सढळ हाताने दान दिले. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांचे ऑपरेशन झाले होते. केमोथेरपी आणि रेडिएशनही पूर्ण झाले होते. "आजार परत आला तर लगेच कळावा म्हणून दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करू," असे मीच मंडळीपुढे उभी राहून सांगितले होते.

पैसे घेऊन आम्ही कसाऱ्याहून लोकलने मुंबई गाठली. डॉक्टरांनी मावशींना तपासले, दुखणेखुपणे विचारले आणि म्हणाले, "पेट स्कॅन नको. वर्षातून एकदा मॅमोग्राफी करा." बाहेर आल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, आपण गरीब म्हणून नाही म्हणाले का?" खरे सांगते, माझ्याही मनात तेच आले होते. म्हणून मी पुन्हा आत जाऊन विचारले. तिथे जे समजले ते आपल्याला सांगणे भाग आहे, कारण दान आपले होते.

हा आजार दोन प्रकारे परत येऊ शकतो. एक म्हणजे त्याच बाजूला, किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ. ती लहान असताना सापडली तर पूर्ण बरी होण्याची चांगली आशा असते. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, यासाठीच असते. दुसरा प्रकार म्हणजे हाडे, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पसरणे. त्यावर उपचार आहेत आणि त्यांनी आयुष्य वाढते. पण त्रास सुरू होण्याआधी काही महिने तो स्कॅनमध्ये दिसला म्हणून रुग्ण अधिक जगतो असे आढळलेले नाही.

हे इटलीतील दोन मोठ्या अभ्यासांत पाहिले गेले. त्यांचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. एकात 1320 आणि दुसऱ्यात 1243 स्त्रिया होत्या. काहींची नेहमीची तपासणी व मॅमोग्राफी झाली. इतरांचे त्याशिवाय ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रेही झाले. मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. आज पेट स्कॅन त्याहून बारकाईने दाखवतो, तरी त्रास नसलेल्या रुग्णाला तो ठरावीक काळाने करावा असे प्रमुख वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगत नाहीत. शिवाय स्कॅनमध्ये एखादा निरुपद्रवी डाग दिसला, की पुढच्या तपासण्या, सुईने तुकडा काढणे, खर्च आणि रात्रीची झोप उडणे हे सगळे मागोमाग येते.

मग काय करावे?

पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दरवर्षी. एक स्तन काढला असेल तर दुसऱ्याची करायची. दोन्ही काढले असतील तर सहसा लागत नाही. हार्मोनची गोळी दिली असेल तर ती निदान पाच वर्षे न चुकवता घ्यावी. आजार परत येण्याची शक्यता तिने खरोखर कमी होते.

मात्र व्रणावर किंवा काखेत गाठ, न थांबणारे हाडांचे दुखणे, धाप, जुना खोकला, सततची डोकेदुखी, कावीळ, कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. तेव्हा स्कॅन हवाच, आणि तो लवकर हवा. ज्यांचा आजार आधीच पसरला आहे किंवा घराण्यात आनुवंशिक दोष आहे, त्यांचे वेळापत्रक वेगळे असते. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

पावसाळ्यानंतर मावशींची पाठ दुखू लागली. भाड्याला पैसे नाहीत म्हणून त्या दीड महिना गप्प राहिल्या. घरभेटीला गेले तेव्हा त्यांची सून माझ्या कानात बोलली. दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. हाडांचा स्कॅन झाला. देवाच्या दयेने मणक्याची झीज निघाली, कर्करोग नव्हे. पण तसे निघाले नसते तर? त्या दीड महिन्याचा विचार मनातून जात नाही.

त्या दिवशी मला आपल्या दानाचा खरा उपयोग कळला. पाड्यावरच्या बाईला दर सहा महिन्यांचा महागडा स्कॅन नको आहे. तिला वर्षाची मॅमोग्राफी, रोजची गोळी आणि पाठ दुखली त्या आठवड्यातच मुंबईला पोहोचायचे भाडे हवे आहे. पेट स्कॅनसाठी जमलेली रक्कम आपल्या संमतीने आता याच कामी वापरावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपल्या मंडळीतही ऑपरेशन झालेल्या भगिनी असतील. उपासनेनंतर त्यांना जरूर विचारा, "यंदाची मॅमोग्राफी झाली का? काही दुखत तर नाही ना?"