हजारो फोटोंच्या संग्रहात आरजीबी कोणते, सीएमवायके कोणते? फाइल न उघडता कसे ओळखतात?

पडद्यावर दोन फोटो सारखेच दिसतात, पण छापून आल्यावर एकातले निळेशार आकाश मळकट झालेले असते. बऱ्याचदा कारण फाइलच्या कलर मोडमध्ये असते. फोटोशॉपमध्ये फाइल उघडली की नावाशेजारी मोड दिसतो. पण वर्तमानपत्राच्या किंवा प्रकाशनसंस्थेच्या संग्रहात हजारो फाइल्स असतील, तर हा उपाय चालत नाही.

कलर मोड म्हणजे काय?

प्रत्येक बिंदूचा रंग किती आणि कोणत्या आकड्यांनी नोंदवला आहे, ते कलर मोड सांगतो. ग्रेस्केलमध्ये एकच आकडा असतो. आरजीबीत लाल, हिरवा, निळा असे तीन; हा पडद्याचा मोड. सीएमवायकेत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांचे चार आकडे असतात. हा छपाईचा मोड.

फाइल न उघडता ते कसे कळते?

ही माहिती फाइलच्या तांत्रिक नोंदींत असते. त्यामुळे चित्र पूर्ण वाचण्याची गरज नसते.

- जेपेग : रंगघटकांची संख्या नोंदलेली असते. १ म्हणजे ग्रेस्केल, ३ म्हणजे नेहमीचा रंगीत फोटो, ४ म्हणजे सीएमवायके गटातला.
- पीएनजी : २६ व्या बाइटमध्ये प्रकार असतो. ० ग्रेस्केल, २ आरजीबी, ३ ठरावीक रंगांची यादी. ४ आणि ६ म्हणजे अनुक्रमे ग्रेस्केल आणि आरजीबी, पण पारदर्शकतेसह. पीएनजीत सीएमवायके नसतेच.
- टिफ : २६२ क्रमांकाचा टॅग पाहायचा. ० किंवा १ ग्रेस्केल, २ आरजीबी, ५ शायांवर आधारित, म्हणजे बहुधा सीएमवायके.

एक्झिफटूल किंवा इमेजमॅजिक ही मोफत साधने एकाच आज्ञेत संपूर्ण फोल्डरच्या अशा नोंदी वाचतात. निकाल एक्सेलमध्ये घेतला की मोडनुसार यादी लावता येते.

फसगत कुठे होते?

एक्झिफमधल्या ‘कलर स्पेस’ या नोंदीवर विसंबणे ही पहिली चूक. तिथे साधारणपणे १ (एसआरजीबी) किंवा ६५५३५ (अनिश्चित) एवढेच असते. सीएमवायके आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

दुसरी अडचण जुन्या कृष्णधवल फोटोंची. ते रंगीत मोडमध्ये स्कॅन केलेले असतील, तर नोंद आरजीबीच सांगते. छपाईत मात्र ते चार शायांनी उमटतात आणि शाया किंचित सरकल्या तरी कडांना रंग दिसतो. असे फोटो शोधायला बिंदूंचे आकडेच तपासावे लागतात : तिन्ही आकडे जवळजवळ समान असतील, तर फोटो प्रत्यक्षात कृष्णधवल. पिवळट पडलेल्या फोटोंत मात्र ही कसोटी अपुरी पडते. या तपासणीला वेळ लागतो, म्हणून ती आरजीबी गटापुरतीच करावी.

मग सगळ्या फाइल्स एकदम बदलाव्यात का?

नाही. सीएमवायकेत नेताना शायांच्या आवाक्याबाहेरचे तेजस्वी रंग फिके होतात आणि परत आरजीबी केल्याने ते मिळत नाहीत. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवावी, छापखान्याकडून त्यांचे कलर प्रोफाइल मागून घ्यावे आणि रूपांतर फक्त प्रतीवर करावे.