सकाळचा चहा आणि उसळणारा हात

आमच्या घरात माझ्या चहासाठी स्टीलचा पेला वेगळा असतो. पाहुण्यांना वाटतं, कवी माणूस, असेल काही लहर. खरी गोष्ट अशी, की 1985 साली, मी सोळा वर्षांचा असताना, सकाळी चहा घेता घेता माझ्या हातून कप उडायचे. पडायचे नाहीत, उडायचे. खांद्यापासून हात एकदम उसळायचा, विजेचा धक्का बसल्यासारखा. कधी एकदाच, कधी लागोपाठ तीन-चार वेळा. शुद्ध मात्र पूर्ण जागेवर. चहा भिंतीवर आणि मी अम्मीच्या तोंडाकडे बघतोय. ‘हातात जीव आहे की नाही तुझ्या?’ असं ती विचारायची. घरातले कप संपत आले तेव्हा अब्बांनी हा पेला आणला. डॉक्टरकडे जावं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. धांदरटपणावर कुठं औषध असतं?

पुढे बी.ए.च्या शेवटच्या वर्षी परीक्षेसाठी सलग दोन रात्री जागलो. तिसऱ्या सकाळी हात उसळू लागले ते थांबेचनात, आणि मग मोठी फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी चप्पल होती आणि एक मित्र माझ्या दातांत चमचा घालू पाहत होता. सगळं प्रेमापोटीच. पण चप्पल, कांदा यांनी फिट थांबत नाही आणि चमच्यानं दात तुटतात. माणसाला कुशीवर वळवावं, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली काही मऊ द्यावं आणि घड्याळ पाहावं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठावा.

डॉक्टरांना मी ती फिट सांगितली. हात उसळतात ते सांगितलं नाही. तो आजाराचा भाग असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी सकाळचे झटके उलट वाढले. वर्षभरानं दुसऱ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी विचारलं, ‘सकाळी हातातून वस्तू उडतात का?’ सहा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी रडलो, हे सांगायला हरकत नाही.

या झटक्यांना मायोक्लोनिक झटके म्हणतात. मेंदूतल्या पेशी विजेच्या अतिसूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. त्यांतल्या पुष्कळशा एकाच क्षणी एकदम बोलल्या की स्नायू आखडून हात उसळतो. बारा ते अठरा वर्षांच्या सुमारास सुरू होणारा आणि मुख्यतः जाग आल्यावर तासाभरात त्रास देणारा माझा प्रकार, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही इतर प्रकारच्या मिरगीवरची चांगली औषधं यात झटके वाढवू शकतात. म्हणून लहान झटकेही डॉक्टरांना सांगितलेच पाहिजेत. आता तर मोबाइलवर त्यांचं चित्रण करून दाखवता येतं. (झोप लागता लागता अंग दचकतं, ते मात्र बहुतेक सगळ्यांनाच होतं. त्यानं घाबरू नका.)

औषध सुरू झालं तरी अधूनमधून हात उसळायचाच. मग घरोघरी होतं तेच झालं, कारणं शोधणं. शेजारणीनं पौर्णिमेला दोष दिला, मावशीनं वांग्याला. माझा संशय चहावर. एकदा पहाटेच्या एसटीत रस्त्याकडेच्या झाडांतून ऊन डोळ्यांवर लपलपत होतं आणि हात उसळला; तेव्हापासून मी खिडकीची जागा सोडली. डॉक्टर म्हणाले, संशय घेऊ नका, लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी माझी बायको लिहू लागली: रात्री किती वाजता झोपलो, कधी उठलो, गोळी घेतली का, ताप, भांडण, प्रवास, आणि झटका.

तीन महिन्यांनी कॅलेंडर समोर ठेवलं. पौर्णिमा सुटली, वांगं सुटलं. चहाही सुटला. झटके सकाळचे आणि सकाळी हातात चहा, एवढाच त्याचा गुन्हा! आणि ती एसटी? आदली रात्र कविसंमेलनात गेली होती. ईईजी काढताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात, त्यातही माझ्या मेंदूनं काही दाद दिली नाही. काहींना मात्र प्रकाशाचा त्रास खरोखर होतो. 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या पोकेमॉन कार्टूनमधल्या लुकलुकत्या दृश्यानंतर शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. माझ्या कॅलेंडरवर दोनच गुन्हेगार उरले: अपुरी झोप आणि चुकलेली गोळी. दारूही अनेकांना भोवते. माझा तो प्रश्न नव्हता.

माझा प्रश्न रमजानचा होता. सहरीसाठी चारला उठायचं म्हणजे झोप मोडणार, गोळ्यांच्या वेळाही हलणार. काही जणांना डॉक्टर वेळा बदलून रोजे ठेवू देतात, पण ते महिना-दोन महिने आधी विचारायला हवं. मी न विचारता ठेवले आणि आठव्या रोज्याला अंगणात कोसळलो. आजाऱ्याला कुराणानंच सवलत दिली आहे, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि भर दुपारी घरात एकट्यानं जेवायला बसणं यांत फरक आहे. अम्मीला पटायला दोन वर्षं लागली, मला जरा जास्तच. आता रोज्यांच्या बदल्यात फिदिया देतो, गरजूंच्या जेवणाचा खर्च. संध्याकाळी इफ्तारला मात्र सगळ्यांबरोबर खजूर उचलतो.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करायचा मोह मला दोनदा झाला, दोन्ही वेळा आजार परतला. या प्रकारात बहुधा तसंच होतं. व्हॅलप्रोएट हे यावरचं प्रभावी औषध, पण गर्भातल्या बाळाला त्याचा धोका असतो. तेव्हा मुलींनी लग्नाआधीच डॉक्टरांशी बोलावं, मनानं गोळी थांबवू नये. माझ्या शबनममध्ये आणि कोटाच्या खिशात एकेक पाकीट असतं.

राहिली कविसंमेलनं. आपल्याकडे ज्येष्ठ कवीनं शेवटी वाचायचं, म्हणजे रात्री एकला. मी आयोजकांना आधीच कळवतो. नवोदितांबरोबर सुरुवातीलाच दोन कविता वाचतो, गोळी घेतो, आणि अध्यक्ष बोलायला उभे राहतात तेव्हा मी घोरत असतो. एका तरुण कवीनं विचारलं, ‘सर, तुम्हाला आम्ही ऐकवत नाही का?’ त्याला मी हीच सगळी हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘माझ्या धाकट्या बहिणीच्या हातूनही सकाळी कप उडतात.’