वृक्षाच्या माथी बाशिंग

बोदवडच्या शिवारात आंब्यावर परके झुडूप दिसले, की ते बहुधा बांडगूळच असते. फांदीत मुळे रुतवून ते झाडाच्या पाण्यावर जगते. शेतकरी ते छाटतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु हीच नजर घेऊन पर्यटक पावसाळ्यात माथेरान, भीमाशंकरच्या रानात जातो, तेव्हा एका निरपराध जीवावर अन्याय होतो. खोडाला बिलगलेला पानांचा गुच्छ तो बांडगूळ समजून काठीने ओरबाडून काढतो.

तो गुच्छ म्हणजे बाशिंग नावाचे नेचे. नवरदेवाच्या कपाळावरील बाशिंगावरून हे नाव देणाऱ्या अनाम रसिकाचे कौतुक वाटते. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. त्यातील 'ओकपर्णी' अशा अर्थाचे पद लिनियसने 1753 मध्ये योजले.

खरी ओळख पानांत आहे. बाशिंगाला पाने दोन तऱ्हेची. एक लांब, हिरवी, देठाची, खोलवर कातरलेली. दुसरी आखूड, बिनदेठाची, तपकिरी आणि कागदासारखी कडक. ही दुसरी पाने वाळलेली म्हणून लोक उपटतात. वास्तविक तीच या वनस्पतीची कोठी होय: त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साचतो, कुजतो आणि मुळांना अन्न पुरवतो. मुळे सालीच्या पृष्ठभागावरच राहतात. वृक्षाच्या रसाला ती हात लावत नाहीत. हिरव्या पानांच्या पाठीवरील ठिपक्यांच्या रांगा रोगाच्या किंवा किडीच्या नसून बीजाणूंच्या आहेत. नेच्याला फूल कधीच येत नाही. बांडगुळाला मात्र फुले, फळे आणि लाकडी फांद्या असतात. फुले दिसली, की ते नेचे नाही, एवढे निश्चित समजावे.

सूत्रकृतांगाच्या 'आहारपरिज्ञा' अध्ययनात वृक्षावर वाढणाऱ्या वनस्पतींचा 'अध्यारोह' असा स्वतंत्र उल्लेख आहे. वनस्पतिकायातील हे भेद पाठ असणाऱ्या श्रावकाने तरी हात उगारण्यापूर्वी पान उलटून पाहावे.

उन्हाळ्यात हिरवी पाने झडतात, तपकिरी ओंजळी उरतात आणि सारे निर्जीव भासते. खवल्यांनी झाकलेले जाड आडवे खोड मात्र जिवंत असते. चातुर्मासाच्या सुमारास, साधु-साध्वींचा विहार थांबतो त्या दिवसांत, त्यावर नवी हिरवी पाने उलगडू लागतात.