पोस्टकार्डावरचा बोलका चौकोन

अमेरिकेत घरोघरी टपालाने जाहिरातीची पोस्टकार्डं येतात. दातांचे डॉक्टर, पिझ्झावाले, घरांचे दलाल, सगळेच ती पाठवतात. त्यातलं एखादं कार्ड हातात घेऊन नीट पाहा. पत्त्याजवळ ६५ बारीक उभ्या रेघांची पट्टी दिसेल. ती टपालखात्याच्या यंत्रांसाठी. आणि बऱ्याचदा जवळच एक काळापांढरा चौकोन असतो, तो क्यूआर कोड. पट्टी कार्डाला घरापर्यंत आणते आणि चौकोन घरातल्या माणसाला दुकानापर्यंत नेतो.

हा चौकोन जन्मला १९९४ साली जपानमध्ये, डेन्सो कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा खरा प्रश्न होता तो हा, की छापील मजकुराच्या गर्दीत यंत्राला कोड चटकन सापडणार कसा? त्यांनी पत्रकं, मासिकं, खोकी असं छापील साहित्य धुंडाळलं आणि काळ्यापांढऱ्याचं असं प्रमाण शोधलं, जे इतरत्र क्वचितच आढळतं : १:१:३:१:१. कोडाच्या तीन कोपऱ्यांतले ठसठशीत चौकोन म्हणजे हेच प्रमाण. त्यांच्या मध्यातून आडवी, उभी, तिरकी कशीही रेघ ओढा, प्रमाण तेच राहतं. म्हणून फोन वाकडा धरला तरी चालतो. रंगीबेरंगी जाहिरातीत हा कोड क्षणात सापडतो, त्याची तयारी जाहिरातींचीच पत्रकं चाळून झाली होती, हे मला फार विलक्षण वाटतं.

पोस्टकार्डाला पाकीट नसतं. ते यंत्रांत घासतं, पावसात भिजतं, पोस्टमनच्या थैलीत दुमडतं. तरी कोड वाचता येतो, कारण मूळ माहितीबरोबर ती दुरुस्त करण्याचं गणितही त्यातच छापलेलं असतं. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी ते १९६० मध्ये मांडलं. सर्वांत भक्कम पातळीवर कोडातली सुमारे ३० टक्के माहिती बिघडली तरी ती परत मिळवता येते. व्हॉयेजर यानांनी दूरच्या ग्रहांची चित्रं धाडली, तेव्हाही हेच गणित कामी आलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. डिजिटल छपाईत प्रत्येक कार्डावर वेगळा कोड छापता येतो. कोडात असते फक्त एक छोटी लिंक आणि तिच्या शेपटाला त्या कार्डाचा क्रमांक. फोनने ती उघडली की सर्व्हर आधी क्रमांक आणि वेळ टिपून घेतो, मग योग्य पानावर पाठवतो. कोणत्या पत्त्यावरचं कार्ड कधी पाहिलं गेलं, हे दुकानदाराला कळतं. अर्ध्या कार्डांवर एक चित्र आणि अर्ध्यांवर दुसरं छापलं, तर कोणतं लोकांना भावलं तेही समजतं. पूर्वी यासाठी लोकांनी कापून आणलेली कुपनं मोजत बसावं लागे. शिवाय कार्डं वाटून झाल्यावरही सर्व्हरवर पान बदलता येतं. शाई तीच राहते, पण ती नेते मात्र नव्या ठिकाणी!

आपल्याकडे २००२ मध्ये आलेल्या मेघदूत पोस्टकार्डावर पत्त्याच्या बाजूला जाहिरात असे, म्हणून ते २५ पैशांत मिळे. त्या जाहिरातीला उत्तर टिपण्याची सोय मात्र नव्हती.

असं कार्ड तुम्ही छापणार असाल, तर लिंक लहान ठेवा, म्हणजे ठिपके मोठे येतील. आणि कोडाभोवती चार ठिपक्यांइतकी कोरी जागा सोडा. कार्ड तुमच्याच दारी आलं, तर फोनवर दिसणारा पत्ता आधी वाचा आणि मगच त्यावर बोट ठेवा.