ऑटिझम असलेल्या मुलाची शाळा कोण ठरवतो?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलाला ऑटिझम असल्याचे डॉक्टरांकडून कळते, तेव्हा पहिला धक्का ओसरायच्या आत शाळेचा प्रश्न उभा राहतो. सल्ले चहूकडून येतात. अशी मुले साध्या शाळेत घेत नाहीत, असे शेजारी सांगतात. जिल्हा परिषदेत अर्ज केला की सरकारच विशेष शाळेत जागा देते, असे कामावरचे सहकारी सांगतात. मुख्याध्यापक म्हणतात, आमच्याकडे सोय नाही, तुम्ही त्याला त्याच्यासारख्या मुलांच्या शाळेत घाला. या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे: शाळा ठरवणारा दुसराच कोणी तरी असतो आणि पालकांनी वाट बघायची असते. भारतीय कायदा याच्या नेमके उलट सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासन मुलाच्या आराखड्यात शाळेचे नाव लिहून देते, आणि तिथली माहिती इंटरनेटवर वाचून इथले पालकही तशाच एखाद्या आदेशाची वाट पाहतात. आपल्याकडे असा आदेश काढणारे कार्यालय नाही. वाट पाहण्यात मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात, म्हणून हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो.

दुसरा गैरसमज जुना आहे आणि तो केवळ अडाणीपणातून आलेला नाही. ऑटिझम म्हणजे मतिमंदत्व, तेव्हा मुलाची जागा मतिमंद मुलांच्या शाळेत, असे अनेक शिकलेले लोकही मानतात. याचे एक कारण कायद्यातच होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याचे नाव घेतले, पण शिक्षण आणि प्रमाणपत्रांच्या व्यवहारात त्याला स्वतःचे पूर्ण स्थान मिळाले ते २०१६ च्या कायद्याने, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. तोवर विशेष शाळांची विभागणी अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद अशीच रुजली होती, आणि ऑटिझमची मुले जिथे सामावतील तिथे सामावून घेतली गेली. वस्तुस्थिती अशी की बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम एकत्र असू शकतात, पण ते एक नव्हेत. अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, बुद्ध्यांकाची माहिती उपलब्ध असलेल्या ऑटिझमच्या आठ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत बौद्धिक अक्षमता आढळली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांत ती नव्हती. अशा मुलाला बौद्धिक अक्षमतेसाठी आखलेल्या वर्गात बसवले तर त्याच्या बुद्धीला खाद्य मिळत नाही, आणि त्याची खरी अडचण, म्हणजे संवाद, बदल सहन न होणे, आवाज आणि स्पर्श यांचा त्रास, तशीच राहते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला मात्र लोक विनाकारण घाबरतात. एकदा कागदावर शिक्का बसला की साध्या शाळेचे दार कायमचे बंद होते, ही भीती इतकी खोल असते की कित्येक पालक वर्षानुवर्षे तपासणीच टाळतात. ती तपासणी असते तरी काय, हे जवळून पाहिले तर भीती बरीच कमी होईल. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या भारतीय ऑटिझम मूल्यमापन श्रेणीत ४० मुद्दे आहेत. मूल नजरेला नजर देते का, इतर मुलांत मिसळते का, ऐकलेले वाक्य तसेच परत म्हणते का, एकाच वस्तूत किंवा हालचालीत अडकून राहते का, आवाजाने अस्वस्थ होते का, असे एकेक मुद्दे पाहून आणि पालकांना विचारून प्रत्येकाला १ ते ५ गुण देतात. बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. सुई नाही, स्कॅन नाही. मुलांचे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते आणि पुन्हा तपासणी होते. त्या कागदाने बंद होणारे एकही दार कायद्यात नाही. उघडणारी दारे मात्र बरीच आहेत. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर दिव्यांग मूल वंचित गटातून येते आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही योजना फक्त गरिबांची आहे असे समजून कारखान्यात बऱ्या पगारावर असलेले पालक अर्जच भरत नाहीत. दहावी-बारावीला वाढीव वेळ, लेखनिक आणि विषयांतील सवलती याच कागदावर मिळतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्य संरक्षण आहे, ज्यात थेरपीचा खर्चही येतो. प्राप्तिकरातली सवलत वेगळी.

आता साध्या शाळेने दिलेल्या नकाराबद्दल. शाळेला मूल निवडण्याचा अधिकार आहे, हे आपण इतके गृहीत धरले आहे की नकार मिळाला की पालकच अपराध्यासारखे बाहेर पडतात. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी करते. पहिल्या उल्लंघनाला २५ हजारांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम १६ शासनमान्य किंवा अनुदानित शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी करायला सांगते. सोय नाही हे उत्तर या कायद्यापुढे टिकत नाही, कारण सोय करणे हेच त्या शाळेचे कर्तव्य आहे. यावर शिक्षकांचा जो आक्षेप असतो तो मी हलका मानत नाही. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, एकटा शिक्षक आणि त्यात मधूनच उठून पळणारे किंवा घंटेच्या आवाजाने कान झाकून किंचाळणारे मूल. समावेशन कागदावर लिहिणे सोपे, वर्गात निभावणे कठीण. पण हा आक्षेप मूल नाकारण्याचे कारण ठरत नाही, मदतीचा माणूस मागण्याचे कारण ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात नेमका हाच प्रश्न हाताळला आणि विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून पदे भरायला सांगितले. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, उच्च प्राथमिक व माध्यमिकला पंधरांमागे एक असे ते प्रमाण आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर झाली. पद मंजूर होणे आणि करमाड-शेंद्र्याच्या शाळेत तो शिक्षक प्रत्यक्ष येणे यांत अंतर आहे, आणि ते कमी करायचे तर गट साधन केंद्रात पालकांचा लेखी अर्ज पडलेला असायला हवा. मागणी कागदावर नसेल तर गरज नाही असेच प्रशासन समजते.

त्या अर्जात काय लिहायचे याला मी प्रवेशाइतकेच महत्त्व देतो. माझ्या मुलाला सांभाळून घ्या, एवढ्या विनंतीवर शाळेला काही करता येत नाही. तो पंख्याखाली बसत नाही, दाराजवळच्या बाकावर शांत राहतो. दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी भिंतीवर लावले तर तास बदलताना गोंधळ होत नाही. खिचडीच्या वेळी गर्दीत ताट घेऊन उभे राहणे त्याला जमत नाही, पाच मिनिटे आधी वाढले तर जमते. बोलत नाही, पण चित्रांच्या कार्डांनी पाणी आणि शौचास सांगतो. अशा चार ओळींनी शिक्षकाची भीती जाते, कारण त्याला करायच्या गोष्टी दिसतात. त्यातली एकही खर्चाची नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले: सोय त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची, दिव्यांगांच्या सरसकट कल्पनेवरून नव्हे.

मग विशेष शाळेत घालणे म्हणजे हार मानणे का? मुळीच नाही, आणि समावेशनाच्या उत्साहात काही लोक तसे सुचवतात, ते मला अन्यायाचे वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही साधी शाळा आणि विशेष शाळा हे दोन्ही पर्याय खुले ठेवले आहेत. काही मुलांना लहान वर्ग, प्रशिक्षित शिक्षक आणि दिवसभराचा एकच ठरलेला क्रम हवाच असतो, आणि ते मिळाले की ती फुलतात. निवड मुलाची गरज पाहून व्हावी, शाळेची सोय पाहून नव्हे, एवढेच. मात्र ऑटिझमसाठी असा फलक दिसला की ती शाळाच असेल, हे धरून चालू नये. थेरपी केंद्र आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रात तासावर स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपी मिळते, पण मुलाचे नाव यू-डायस या शासनाच्या शालेय नोंदीत चढत नाही, शाळा सोडल्याचा दाखला मिळत नाही, आणि आठव्या-नवव्या वर्षी पालकांच्या लक्षात येते की शासनाच्या नोंदीत आपले मूल कुठेच शिकत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: संस्थेला दिव्यांग कल्याण विभागाची नोंदणी आहे का, आणि शिकवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का. तिसरी गोष्ट पहिल्या महिन्यात मागावी, ती म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा: तीन महिन्यांत काय शिकवणार, ते आले की नाही हे कसे तपासणार. ठरावीक महिन्यांत मूल पूर्ण बरे करून देतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. ऑटिझम हा आजार उतरावा तसा उतरत नाही. शिकवण्याने मुलाचे जगणे सुकर होते, आणि तेवढे उद्दिष्ट खूप मोठे आहे.

शेंद्र्याच्या पालकांसमोर अंतराचाही प्रश्न आहे. शहरात विशेष मुलांच्या शाळा आहेत, ऑटिझमसाठीच काम करणारी आरंभसारखी संस्थाही आहे. पण जालना रोडवरून रोजचे पंधरा-वीस किलोमीटर जाणे-येणे, त्यात आईबाप दोघांच्या पाळ्या, यामुळे प्रवेश मिळूनही मूल घरीच राहते. वाहतुकीची सोय ही दया नव्हे. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये दिव्यांग मुलांसाठी आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलांच्या सोबत्यासाठी वाहतुकीची तरतूद शिक्षणसंस्थांच्या कर्तव्यांत घातली आहे, आणि समग्र शिक्षा योजनेत वाहतूक व मदतनीस भत्ता आहे. घरी येऊन शिकवण्याचीही तरतूद आहे, पण ती बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी, आणि तिथेही ती पर्याय आहे, सक्ती नव्हे. वर्गात त्रास देणाऱ्या मुलाचे नाव पटावर ठेवून त्याला घरीच बसायला सांगणे याला गृहशिक्षण म्हणत नाहीत.

एकदा विशेष शाळेत गेलेले मूल परत येत नाही, असेही म्हणतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. विशेष शाळेत दोन वर्षे घालवून, बोलण्याची आणि बसण्याची सवय झाल्यावर साध्या शाळेत येणे आणि गरज पडल्यास उलट जाणे, दोन्ही मार्ग मोकळे आहेत. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय आहे, तिथे विषय आणि गती निवडता येते.

शेंद्र्यात बिहार, उत्तर प्रदेश आणि विदर्भातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि गावी काढलेले प्रमाणपत्र इथे चालत नाही असे त्यांना सर्रास सांगितले जाते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर वैध आहे, २०१६ च्या कायद्याचे कलम ५८ तसे स्पष्ट म्हणते. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी गावी जाण्याची गरज नाही. मुलावर ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथेही अर्ज करता येतो, आणि तो दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, म्हणजे यूडीआयडीच्या, संकेतस्थळावरून भरायचा असतो. शाळेने प्रवेश नाकारला तर नकार लेखी मागावा. लेखी दिला नाही तर अर्जाची पोच घेऊन तारखेसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. तिथेही काही झाले नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत त्यांना कळवायचे असते.