प्लुटो : निळ्या डबीतले सहा बँड

प्रत्येक बँडला वेगळा रेडिओ, ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींची जुनी रीत. १४४ मेगाहर्ट्झवर बोलायचं तर एक रिग, ४३२ ला दुसरी. १२९६ च्या वर गेलं की तयार रिग मिळणं कठीण, म्हणून ट्रान्सव्हर्टर: वरचा सिग्नल खाली उतरवून जुन्याच रिगला ऐकवायचा, बोलताना उलटं करायचं. त्या प्रत्येकाचा ऑसिलेटर निराळा, रिले निराळे, पत्र्याचा डबाही निराळा. मायक्रोवेव्हवर रमणाऱ्याच्या खोलीत अशा डब्यांची उतरंडच लागायची.

आज त्या उतरंडीचं बरंचसं काम तळहातावर मावणारी एक निळी डबी करते. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीनं ‘अ‍ॅडाल्म-प्लुटो’ काढली ती विद्यार्थ्यांना रेडिओ शिकवण्यासाठी. आतल्या एडी ९३६३ चिपची अधिकृत मर्यादा ३२५ ते ३८०० मेगाहर्ट्झ. पण डबीत लिनक्स चालतं. तिथे दोन ओळी लिहून ‘तू एडी ९३६४ आहेस’ असं तिला सांगितलं, की ती ७० पासून ६००० मेगाहर्ट्झपर्यंत उघडते. ही युक्ती कंपनीनंच लिहून ठेवली आहे. वाढीव पट्ट्यातल्या कामगिरीची हमी मात्र ती देत नाही. म्हणजे १४४, ४३२, १२९६, २४००, ३४०० आणि ५७६० हे सहाही हौशी बँड एकाच डबीत आले.

चिप आलेला सिग्नल थेट शून्याजवळ उतरवते आणि १२ बिटांच्या आकड्यांत बदलते. पुढचं सगळं, म्हणजे गाळणं, ट्यून करणं, एसएसबी या अरुंद प्रसारण पद्धतीतून आवाज काढणं, सॉफ्टवेअरचं काम. ब्रिटनमधल्या हौशींच्या ‘लँगस्टोन’ प्रकल्पात प्लुटोला रास्पबेरी पाय आणि टचस्क्रीन जोडतात, आणि ट्यूनिंगचा नॉब म्हणून चक्क माउसचं चाक फिरवतात. बँड बदलायचा तर पडद्यावर बोट टेकवायचं.

एवढं वाचून डबी मागवली आणि थेट अँटेनेला जोडली, तर निराशाच होईल. तिच्या तोंडाशी फिल्टर नाही. पुण्यामुंबईत गच्चीवर अँटेना लावा: एफएम स्टेशनं, मोबाइलचे टॉवर सगळे एकदम आत घुसतात आणि ज्याला ऐकायचं तो दूरचा क्षीण आवाज त्यात बुडतो. बोलतानाही तेच. तिसरी हार्मोनिक जोरदार निघते, आणि १४४ ची तिप्पट ४३२, ४३२ ची तिप्पट १२९६! एका हौशी बँडवर बोललात की दुसऱ्यावर घाण पडते. म्हणून बँडागणिक फिल्टर लागतोच. अ‍ॅम्प्लिफायरही लागतो, कारण डबीतून निघते ती काही मिलिवॉट ताकद. रेडिओ एक झाला, तरी त्याच्या पुढचा सरंजाम बँडागणिकच राहिला. हॅमची खरी कारागिरी आता तिथे आहे, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. मूळ डबीतल्या ४० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २५ भागांपर्यंत चूक असू शकते. १४४ वर ती ३.६ किलोहर्ट्झ होते, नॉब जरा फिरवला की माणूस सापडतो. २४०० वर तीच ६० किलोहर्ट्झ, ५७६० वर १४४ किलोहर्ट्झ. एसएसबीचा आवाज जेमतेम पावणेतीन किलोहर्ट्झ रुंद. त्याला कुठे शोधणार? म्हणून लोक मूळ क्रिस्टल काढून तापमानाला न डगमगणारा ऑसिलेटर बसवतात, किंवा जीपीएसवर बांधलेलं घड्याळ बाहेरून देतात. बँड जितका वरचा, तितकं घड्याळ नेमकं हवं. यात काटकसर चालत नाही.

हे सगळं एकत्र कसं येतं ते क्यूओ-१०० वर दिसतं. कतारच्या एस-हेल-२ या भूस्थिर उपग्रहावरचा हा हौशी ट्रान्सपाँडर, म्हणजे एका लहरीवर ऐकून दुसरीवर परत पाठवणारं यंत्र. उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ ला सुटला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रान्सपाँडर खुला झाला. ब्राझीलपासून थायलंडपर्यंत त्याची छाया पडते, त्यात आपणही आलो. त्याच्याशी २४०० वर बोलायचं आणि १०४८९ वर ऐकायचं. हा आकडा प्लुटोच्या आवाक्याबाहेरचा. पण डिशच्या तोंडावरचा सिग्नल खाली उतरवणारा युनिव्हर्सल एलएनबी त्यातून ९७५० वजा करतो आणि सिग्नल ७४० च्या आसपास, प्लुटोच्या घरात, येतो. ९७५० म्हणजे २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची ३९० पट. उन्हानं तो क्रिस्टल दहाच हर्ट्झ सरकला तर आवाज ३.९ किलोहर्ट्झ दूर जातो. सुदैवानं उपग्रहाचा बीकन, म्हणजे ठरलेल्या जागेवरचा खुणेचा सिग्नल, सतत चालू असतो. सॉफ्टवेअर त्याला पकडून घसरण सावरतं.

प्लुटो एकाच वेळी बोलते आणि ऐकते. त्यामुळे ‘सीक्यू’, म्हणजे ‘कोणी आहे का’, असं म्हटल्यावर पाव सेकंदानं स्वतःचाच आवाज परत येतो, ३६ हजार किलोमीटर वर जाऊन आणि तितकाच खाली उतरून. तो कानावर पडतो तेव्हा अंगावर काटा येतो.

पुण्यातून हा उपग्रह पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला, २५४ अंशांवर, क्षितिजापासून सुमारे ३२ अंश वर आहे. बोलायचं तर एएसओसी ही हौशी रेडिओचालकाच्या प्रमाणपत्राची परीक्षा देऊन परवाना घ्या, आणि त्यात कोणते बँड दिले आहेत ते आधी नीट वाचा. पण सुरुवात ऐकण्यापासून करा. पश्चिमेला मोकळी गच्ची असेल तर ८०-९० सेंटिमीटरची डिश तिकडे वळवा, एलएनबीला १३ व्होल्ट द्या आणि ७३९.७५० वर बीकन शोधा.