शेलचा प्लगइन मॅनेजर: आतून कसा चालतो, आणि सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं

"ताई, टर्मिनल उघडाले इतका टाइम कायले लागते?" अमरावती-अकोल्याकडच्या एम.एस्सी.च्या पोरांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. कुठलातरी व्हिडिओ पाहून झेड-शेल टाकलेला असतो, त्यावर दहा-पंधरा प्लगइन, आणि ते सगळे सांभाळायला एक प्लगइन मॅनेजर. टर्मिनल दिसायला झकास, पण उघडायला दोन-तीन सेकंद. दिवसातून पन्नास वेळा टर्मिनल उघडणाऱ्या माणसाला ते टोचणारच.

आज त्या मॅनेजरच्या पोटात शिरू या. तुमचा विषय कॉम्प्युटर सायन्स नसला तरी वाचा. ही वस्तू इतकी लहान आहे की एका संध्याकाळी पूर्ण समजते. आणि ती सुधारायला बसलं की काय मोजायचं, कशाच्या बदल्यात काय सोडायचं, आज आलेलं उत्तर सहा महिन्यांनी पुन्हा येईल का, हे प्रश्न समोर येतात. पीएच.डी.त पुढे हेच प्रश्न तुमच्या मानगुटीवर बसणार आहेत.

थोडी पार्श्वभूमी. शेल म्हणजे तुम्ही टाइप केलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी बॅश असतो. तो ब्रायन फॉक्सने लिहिला, १९८९ मध्ये आला. झेड-शेल त्याच्या पुढच्या वर्षीचा. पॉल फॉलस्टॅड तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात विद्यार्थी होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. झोंग शाओ नावाच्या तिथल्या एका टीचिंग असिस्टंटचं लॉगिन नाव 'झेडएसएच' होतं, ते त्याला शेलसाठी शोभेसं वाटलं आणि त्याने उचललं. २०१९ मध्ये ॲपलने मॅकवर हाच शेल मूळ शेल म्हणून द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तो सगळ्यांच्या तोंडी झाला.

प्लगइनची चटक मात्र आधीची. २००९ मध्ये रॉबी रसेलने आपली सेटिंग सहकाऱ्यांनाही वापरता यावी म्हणून 'ओह माय झेड-शेल' काढलं. त्यात शेकडो प्लगइन एकाच पोत्यात मिळतात. सोय मोठी, पण तुम्हाला पाहिजे मूठभर आणि घरी आणायचं पोतं. म्हणून श्रीकांत शरत यांनी 'अँटिजेन' लिहिला. कल्पना विम एडिटरच्या 'वुंडल'वरून घेतलेली: फाइलमध्ये फक्त प्लगइनची नावं लिहा, तो गिटवरून आणून लावेल. पुढे आलेले बहुतेक मॅनेजर याच कल्पनेची सुधारित रूपं आहेत.

आता प्लगइन म्हणजे काय? जादू काही नाही. फंक्शन आणि शॉर्टकट लिहिलेली एक साधी फाइल. शेल सुरू होताना ती स्वतःमध्ये वाचून घेतो. याला 'सोर्स करणं' म्हणतात. ती वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालत नाही, तुमच्या शेलच्या आत, तुमच्याच अधिकारांनी चालते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॅनेजर तीन कामं करतो. प्लगइन कॉम्प्युटरवर नसेल तर आणतो, कोण आधी कोण नंतर ते ठरवतो, आणि त्या क्रमाने सोर्स करतो. आणणं सोपं आहे: फोल्डर नसेल तर गिट क्लोन, असेल तर काही नाही. सोर्स करणं तर एका ओळीचं काम. खरी मेख क्रमात आहे.

पंगतीत पान मांडायच्या आधी वरण वाढलं तर काय होईल? तसंच इथे होतं. कमांडला टाइप करतानाच रंग देणारं 'सिंटॅक्स हायलायटिंग' हे प्लगइन घ्या. झेड-शेलच्या लाइन एडिटरमध्ये जेवढ्या क्रिया नोंदलेल्या असतात, त्या प्रत्येकीभोवती ते आपलं आवरण घालतं. त्याच्यानंतर दुसऱ्या कोणी नवी क्रिया नोंदवली, तर तिच्याभोवती आवरण नाही. म्हणून ते शेवटी लावा असं त्याच्या माहितीपत्रातच लिहिलेलं आहे. त्याला अपवाद 'हिस्टरी सबस्ट्रिंग सर्च', ते याच्याही नंतर यायला हवं.

टॅब दाबल्यावर उरलेली कमांड पूर्ण करून देणाऱ्या कंप्लिशनचं आणखी वेगळं. या फाइली कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी 'एफपाथ'मध्ये असते, आणि ती यादी वाचून सगळं तयार करणारं फंक्शन म्हणजे 'कॉम्पइनिट'. आधी एफपाथ भरायचा, मग कॉम्पइनिट, आणि तेही एकदाच. काही प्लगइन मात्र आगाऊपणा करून स्वतःच कॉम्पइनिट बोलावतात. मग मॅनेजर बोलावतो, मग तुम्ही कुठूनतरी कॉपी केलेली ओळ पुन्हा बोलावते. प्रत्येक वेळी तीच सगळी फोल्डरं तपासली जातात. "इतका टाइम कायले लागते" याचं उत्तर मला बऱ्याचदा इथेच सापडलंय.

एवढं समजलं की स्वतःचा मॅनेजर वीसेक ओळींत लिहिता येतो. नावांच्या यादीवरून एक लूप, फोल्डर आहे का ते तपासणं, नसेल तर क्लोन, मग सोर्स. 'झेड-शेल अनप्लग्ड' नावाचा एक प्रकल्प नेमकं हेच दाखवतो, की तयार मॅनेजरशिवायही भागतं. माझा आग्रह आहे की तयार मॅनेजर घ्यायचा असला तरी आधी हा वीस ओळींचा लिहून बघा.

आता सुधारणा. सुधारायच्या आधी मोजायचं, हे तुम्हाला प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासापासून सांगितलेलं असतं. झेड-शेलमध्ये 'झेडप्रॉफ' नावाचं मॉड्यूल आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे डॉट-झेडएसएचआरसीमध्ये, पहिल्याच ओळीत ते लोड करायचं आणि शेवटच्या ओळीत झेडप्रॉफ बोलवायचं. कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला त्याचा तक्ता समोर येतो.

बरेच जण मात्र एक सोपी युक्ती वापरतात: शेल सुरू करून लगेच बंद करायचा आणि त्याला किती वेळ लागला ते बघायचं. इथे थांबा. 'टर्बो' पद्धतीचे मॅनेजर प्लगइन लगेच लावत नाहीत. आधी प्रॉम्प्ट दाखवतात आणि तुम्ही टाइप करायची वाट बघत असतानाच्या फटीत मागून प्लगइन लावतात. कल्पना चांगली आहे. पण 'उघडून लगेच बंद' या चाचणीत ती फट येतच नाही, त्यामुळे ते काम मोजलंच जात नाही. आकडा सुंदर येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. रोमन पेरेपेलित्सा यांनी 'झेडएसएच-बेंच' हे साधन लिहिलं ते याच दुखण्यावर. त्यांचं म्हणणं, माणसाला काय जाणवतं ते मोजा: प्रॉम्प्ट दिसायला किती वेळ, पहिली कमांड चालायला किती, नंतरच्या प्रत्येक कमांडमागे किती, आणि कळ दाबल्यावर अक्षर उमटायला किती. त्यांनी धरलेल्या मर्यादा अनुक्रमे ५०, १५०, १० आणि २० मिलिसेकंद आहेत. याच्या आत असाल तर आणखी वेग वाढवून तुम्हाला फरक कळणार नाही. व्हायवात "हे तुम्ही का मोजलं?" असं विचारतात तेव्हा त्यांना अशा प्रकारचं उत्तर हवं असतं.

मोजून झाल्यावर कळतं की वेळ हवेत नाहीसा करता येत नाही, बराचसा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतो. टर्बो त्याला प्रॉम्प्टच्या नंतर ढकलतो. 'झेडजेन'ने वेगळी वाट धरली: यादी, क्रम, पत्ते हा सगळा हिशोब एकदाच करायचा आणि त्यातून सोर्सच्या ओळींची एक तयार फाइल लिहून ठेवायची. रोज सकाळी शेल तीच फाइल वाचतो, विचार काही करत नाही. कार्लोस बेकरने गो भाषेत लिहिलेला 'अँटिबॉडी' आणि त्याच वळणावर आता चालू असलेला 'अँटिडोट' हेही असंच करतात. याची किंमत अशी, की तुम्ही यादी बदलली आणि तयार फाइल जुनीच राहिली, तर नवं प्लगइन का लागत नाही म्हणून डोकं खाजवत बसाल. उपाय सोपा आहे. दोन्ही फाइलींच्या बदलाची वेळ ताडून बघायची, यादी नवी असेल तरच पुन्हा लिहायची. स्वतःचा मॅनेजर लिहीत असाल तर ही तपासणी पहिल्या दिवशीच टाका.

डाउनलोडचा वेळ वाचवायला सगळे क्लोन एकाच वेळी सुरू करता येतात, कारण तिथे प्रोसेसर रिकामाच असतो, वाट नेटवर्कची बघायची असते. आणि मॅनेजरने शेल उघडताना नेटवर्कला हातच लावू नये. बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना रेल्वेत लॅपटॉप उघडून बघा. रेंज गेली, मॅनेजर नवी आवृत्ती आली का ते विचारत बसला, आणि तुमचा प्रॉम्प्ट मूर्तिजापूर येईपर्यंत लटकला. अपडेट फक्त मी सांगितल्यावर व्हायला पाहिजे.

वेगाची शर्यत माझ्या मते आता जवळपास संपलेली आहे. ज्याकडे संशोधकाने जास्त लक्ष द्यावं ती गोष्ट वेगळीच. २०२१ च्या अखेरीस 'झिनिट' या तेव्हाच्या अतिशय नावाजलेल्या मॅनेजरच्या लेखकाने गिटहबवरची आपली सगळी रेपॉझिटरी अचानक काढून टाकली. ज्यांच्याकडे आधीच उतरवलेलं होतं त्यांचं चाललं. नव्या मशीनवर सेटिंग लावायला बसलेल्यांना पत्त्यावर कोणीच नाही. वापरणाऱ्यांनी आपापल्याकडच्या प्रती गोळा करून 'झेडधर्मा-कंटिन्युअम' या नावाखाली ते काम पुढे चालू ठेवलं, म्हणून निभावलं. पण आता ते मघाचं वाक्य आठवा: प्लगइन तुमच्या अधिकारांनी चालतं. तुमचा डेटा, थिसिसची फाइल, सर्व्हरची चावी, सगळ्याला त्याचा हात पोचतो. रिकाम्या झालेल्या पत्त्यावर उद्या दुसरंच कोणी येऊन बसलं तर?

म्हणून पिन करा. गिटमधल्या प्रत्येक कमिटला ४० अक्षरी ओळख असते, आणि आतला मजकूर एका अक्षराने जरी बदलला तरी ती बदलते. ब्रँचचं नाव पुढे सरकतं, टॅगही हलवता येतो, ही ओळख मात्र त्याच मजकुराला चिकटलेली असते. यादीत प्लगइनच्या नावापुढे ती लिहायची आणि मॅनेजरने नेमकं तेच उतरवायचं. काही मॅनेजरमध्ये ही सोय आहे, आपल्या वीस ओळींत ती दोन-तीन ओळींनी वाढवता येते. एक अडचण येते. डाउनलोड लहान ठेवायला फक्त शेवटचा कमिट आणणारा 'शॅलो क्लोन' वापरला असेल, तर जुना कमिट त्यात नसतोच, तो वेगळा मागावा लागतो. वेग आणि पिन इथे एकमेकांच्या आड येतात. मी पिनच्या बाजूने आहे. काही एमबी जास्त उतरले तरी चालतील.

हे सगळं सुपरकॉम्प्युटरवर गेल्यावर जास्त जाणवतं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्यात जन्मलेले विजय भटकर, त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्याच घराण्यातला 'परम ब्रह्म' आज पुण्याच्या आयसरमध्ये आहे. अशा मशीनवर अकाउंट मिळालं की पोरं पहिल्यांदा आपली सेटिंग तिकडे नेतात. अशा क्लस्टरवर होम फोल्डर सहसा नेटवर्कवरच्या डिस्कवर असतं. तिथे शेकडो लहान फाइली वाचणं लॅपटॉपपेक्षा महाग पडतं, आणि हिशोब करणाऱ्या नोडला इंटरनेट बहुधा नसतंच. म्हणून तिथे मॅनेजर न्यायचाच नाही. उतरवलेली फोल्डरं आणि ती तयार फाइल तेवढी न्यायची.

आणखी एक. रांगेत टाकलेली जॉब स्क्रिप्ट डॉट-झेडएसएचआरसी वाचत नाही, ती फाइल समोर माणूस बसलेला असतानाच वाचली जाते. बॅशच्या बाबतीतही बॅशआरसीचं तसंच. म्हणजे प्लगइनने दिलेला शॉर्टकट तुमच्या हाताखाली मस्त चालतो आणि रात्री रांगेतली स्क्रिप्ट 'कमांड सापडली नाही' म्हणून मरते. स्क्रिप्टमध्ये पूर्ण कमांड लिहायची, शॉर्टकट हातापुरते ठेवायचे. थिसिसच्या 'साधने व पद्धती' प्रकरणात जे लिहिणार ते प्लगइनवर उभं नसावं.

प्रयोग करायचाय पण चालू सेटिंग मोडायची भीती वाटत असेल, तर एक रिकामं फोल्डर करा, त्यात नवी डॉट-झेडएसएचआरसी लिहा, आणि 'झेड-डॉट-डिर' या व्हेरिएबलमध्ये त्या फोल्डरचा पत्ता देऊन शेल सुरू करा. तो तुमची सेटिंग तिथूनच वाचेल, जुनीला धक्का लागणार नाही. तुलनेला एक शेल 'वजा एफ' देऊन, म्हणजे तुमच्या कुठल्याच सेटिंगशिवाय सुरू करा. प्रत्येक मोजमाप दहा वेळा घ्या आणि पहिला आकडा वेगळा नोंदवा, कारण तेव्हा फाइली डिस्कवरून येतात, नंतरच्या वेळी मेमरीतून.